भिंत म्हणते, आत्या बरी आहे

तीर्थरूप (आणि सध्या अबोलारूप) आत्यास,

तुझ्या एकुलत्या एक भाच्याचा साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे आठांपैकी जेवढी अंगं जमिनीला टेकली तेवढी गोड मानून घे.) इकडे सगळे खुशाल. तुझी भाचेसून तुला नमस्कार सांगते आणि मला टोमणे मारते, म्हणजे तिचीही प्रकृती उत्तम आहे. तुझी तब्येत विचारायची खरं तर मला गरज नाही, कारण ती रोज सकाळी ऑफिसात बसल्या बसल्या कळते. तरी विचारतो. कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? डोळ्यांत थेंब घालतेस की बाटली नुसती कपाटात शोभेला ठेवली आहेस? उत्तर पाठवलंस तर बरं वाटेल. फोन उचलून दिलंस तर फारच बरं वाटेल.

लिहायला बसलो त्याचं निमित्त असं की, मागच्या भेटीत तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी त्याचं फटकळ उत्तर दिलं होतं. ते उत्तर मला दुरुस्त करायचं आहे. (तुला प्रसंग आठवत नसेल असं होणारच नाही. मी पाचवीत हरवलेल्या छत्रीचा विषय तू माझ्या लग्नात काढला होतास.) मी स्टुलावर चढून तुझ्या शिवणाच्या खोलीत आमच्या कंपनीचं यंत्र भिंतीला लावत होतो आणि तू गळ्यात टेप अडकवून, स्टूल धरायच्या निमित्ताने, माझ्या शर्टाची शिवण कुठे उसवली आहे ते शोधत होतीस. यंत्राचं नाव 'विचारपूस'. एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या घरी ते लावायचं. सकाळी त्याच्यावर 'मी बरी आहे' असं बटण उजळतं. ते दाबलं की आमच्या ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर त्या घराचा दिवा हिरवा होतो आणि मुलाबाळांना तसा निरोप जातो. नाही दाबलं तर दिवा लाल, आणि आमची फोनाफोनी सुरू. मी तुला फुशारकीने सांगत होतो की यंत्र कसं असावं हे ठरवणारी डिझाइनर बाई नुकतीच सोडून गेली आणि आता ते सगळं मीच ठरवणार. तू विचारलंस, तुला येतं का ते? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हेही यावं लागतं की नाही? मी म्हटलं, आत्या, डिझाइन म्हणजे नुसती रंगरंगोटी, यंत्र चाललं म्हणजे झालं. त्यावर तू टेप गळ्यातून काढून हातात घेतलीस (लहानपणी हे लक्षण बरं नसायचं) आणि म्हणालीस, "माप कुणाचं घेतलंस रे? खुंटीचं?"

मग शब्दाला शब्द लागत गेला. मी तुझ्या वयावर घसरलो, तू माझ्या अकलेवर. शेवटी तू म्हणालीस, "माझी विचारपूस भिंतीकडून करवतोस ना? मग यापुढे भिंतीशीच बोल." आणि तू शब्दाची पक्की. त्या दिवसापासून तुझा फोन वाजतो, वाजत राहतो आणि गप्प होतो. यंत्र मात्र तू उखडून फेकलं नाहीस. सकाळ झाली की तुझा हिरवा दिवा लागायचा. मला ते तुझ्या रागातलं प्रेम वाटायचं. चहाचा पहिला घोट मी तुझा दिवा बघूनच घ्यायचो आणि मनात म्हणायचो, म्हातारी फुगलेली आहे पण ठणठणीत आहे.

आता ऑफिसातली हकीगत सांगतो, म्हणजे दुरुस्तीचं कारण कळेल. त्या डिझाइनर बाईला आम्ही सगळे नकोबाई म्हणायचो, कारण काहीही करून नेलं की ती आधी नको म्हणायची. बटण इथे नको. आवाज नको. इतकं गोड नको. आणि दर वेळी एकच विचारायची, माणूस बरा नसेल तेव्हा काय? मी म्हणायचो, तेव्हा तो बटण दाबणार नाही. ती म्हणायची, ते न दाबणं मला दाखव. मी म्हणायचो, जे झालंच नाही ते कसं दाखवणार? ती म्हणायची, मग तू अर्धंच काम केलंयस, उरलेलं घेऊन ये. अशा माणसाबरोबर रोज जेवायच्या सुट्टीपर्यंत टिकून राहणं किती कठीण, ते तुझ्याकडे शिवण शिकलेल्या मुलींना विचार. पुढे आमच्या साहेबांनी कुठल्याशा भाषणात ऐकलं की आजकालच्या प्रोग्रॅमरला डिझाइनही यायला हवं. साहेबांनी त्याचा अर्थ असा लावला की मग डिझाइनर कशाला हवी? नकोबाई गेली. मला एका दुपारच्या वर्गाला बसवलं. त्यात पडद्यावरच्या एका हसऱ्या माणसाने रंगांचं चाक फिरवून दाखवलं, निळा रंग विश्वासाचा असतो असं सांगितलं, आणि चहाच्या वेळेपर्यंत मी डिझाइनर झालो.

माझ्यापुढे पहिली तक्रार आली ती खोट्या लाल दिव्यांची. म्हातारी माणसं बटण दाबायला विसरायची. कुणी अंघोळीला गेलेलं, कुणाचा चष्मा सापडत नाही, एक आजोबा तर मुद्दाम दाबत नसत (तेवढ्यासाठी का होईना, मुलगा येऊन तोंड दाखवून जाईल म्हणून). मग दिवा लाल, मुलं कामधाम टाकून धावत येणार, आणि आजोबा नवा शर्ट घालून दारात उभे. मुलं वैतागली. साहेब म्हणाले, लाल दिवे कमी कर. नकोबाई असती तर त्या आजोबांकडे जाऊन बसली असती. मी पडलो प्रोग्रॅमर. मला लाल दिवे कमी करायला सांगितले, मी लाल दिवे कमी केले. आधी बटण मोठं केलं. मग अख्ख्या पडद्याचंच बटण केलं, कुठेही बोट लागलं तरी चालेल. मग मनात आलं, बिचाऱ्यांना उठून भिंतीपर्यंत तरी का यायला लावायचं? यंत्राला एक डोळा आहेच. (फोटो काढत नाही, घाबरू नकोस. समोर काही हललं की नाही एवढंच त्याला कळतं.) तेव्हा मी असं केलं की समोर काही हललं म्हणजे माणूस बरा आहे. बटणच नको. ही माझ्या आयुष्यातली पहिली 'नको', आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की मी ती नकोबाईला कळवणार होतो.

नुसता दिवा कोरडा वाटतो म्हणून त्याला आवाजही दिला. आवाज कुणाचा, यावर साहेबांना खर्च करायचा नव्हता, तेव्हा मीच घसा खाकरून बोललो, "छान! आज तुम्ही बऱ्या आहात." साहेबांना तो घाईघाईचा वाटला म्हणून त्यांनी तो यंत्रावर संथ करून घेतला. त्यामुळे मी नुकताच विहिरीतून वर आलोय आणि तुम्हाला भेटून मला फार आनंद झालाय, असा काहीसा तो ऐकू येतो. रोज तेच ते नको म्हणून जरा जास्त हालचाल दिसली की "आज तुम्ही कालपेक्षा उत्साही आहात" अशी भर घातली. तेच शब्द मुलांच्या निरोपात आणि आमच्या पडद्यावरही जायचे. सकाळची पहिली हालचाल दिसली की ते बोलतं, आणि मग बराच वेळ सगळं सामसूम राहून पुन्हा काही हललं तर परत बोलतं. हे सगळं इथूनच, एका झटक्यात, घराघरांत पाठवून दिलं. तुझ्याही. (म्हणजे तू ज्याचा फोन उचलत नाहीस तो रोज सकाळी तुझ्या शिवणाच्या खोलीत तुला अहो-जाहो करत होता. तेव्हा माझी हसून पुरेवाट झाली होती. आता होत नाही.) पहिल्यासारखं परत करायची सोय मी ठेवली नाही, कारण तशी वेळ येईल असं डोक्यातच आलं नाही.

निकाल विचारशील तर दृष्ट लागावी असा. पडदाभर हिरवे दिवे. लाल औषधालाही नाही. साहेबांनी सगळ्यांना पडद्यापुढे उभं करून माझी पाठ थोपटली (उसण तेव्हाचीच) आणि नकोबाईची खिडकीजवळची खुर्ची मला बहाल केली. त्या खुर्चीविषयी सांगायलाच हवं. ती नकोबाईच्या उंचीला बसवलेली होती. मी सकाळी ती माझ्या उंचीला वर करतो, आणि दिवसभरात ती आपली आपण, हळूहळू, एक लांब उसासा टाकत खाली येते. आत कुठेतरी हवा सुटते, बाकी काही नाही. पण तो उसासा नेमका मी काहीतरी नवीन करायला घेतलं की ऐकू येतो. शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस हल्ली तेवढं ऐकून, मान वर न करता म्हणतो, नको म्हणतेय.

मग एका सकाळी एका बाईंचा फोन आला. आवाज अगदी मऊ. म्हणाल्या, तुमच्याकडून रोज निरोप येतो की बाबा बरे आहेत, तो बंद करता येईल का? मी सरावाने विचारलं, का हो, सेवा आवडली नाही का? त्या म्हणाल्या, सेवा चांगली आहे, पण बाबा गेले. मी हळहळलो, कधी म्हणून विचारलं, तर बऱ्याच आठवड्यांपूर्वी, दवाखान्यात. घराला तेव्हापासून कुलूप. मी बोलता बोलता पडद्याकडे पाहिलं. बाबांचा दिवा हिरवा होता. मी म्हटलं, मग इतके दिवस तुम्ही कळवलं का नाहीत? त्या म्हणाल्या, सकाळी निरोप यायचा, बरं वाटायचं. पण आज आलं की बाबा कालपेक्षा उत्साही आहेत, आणि मग मला ते वाचवेना.

आत्या, मी खुर्चीतून उठलो नाही. खुर्चीच माझ्यासकट खाली गेली.

यंत्र काढून आणायला मी आमच्या जोडणीवाल्याला घेऊन गेलो. हा भिंतींना भोकं पाडण्यात आयुष्य गेलेला धिप्पाड गडी, आणि आपण कुणाच्या बापाला भीत नाही हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवतो. (ते बाप जिवंत असतील असं त्याने गृहीत धरलं होतं.) भरदुपारची वेळ, रस्त्यावर रहदारी, खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासतंय. भिण्यासारखं काहीही नव्हतं. बाईंनी कुलूप काढलं आणि त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. आम्ही आत गेलो. टेबलावर धूळ, धुळीत पालथा घातलेला पेला, रेडिओवर घडी करून ठेवलेला चष्मा. पलंगाखाली सपाता, दोन्हींची तोंडं बाहेर, पाय घातले की निघालं अशा. सगळीकडे तो बंद घराचा वास. आम्ही दोन पावलं टाकली असतील नसतील, तोच भिंतीतून कुणीतरी अतिशय सावकाश, अतिशय मायेने म्हणालं, "छान! आज तुम्ही कालपेक्षा उत्साही आहात."

जोडणीवाल्याने आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. माझं तोंड मिटलेलं होतं. आवाज माझा होता. त्याने तो ओळखला, मीही ओळखला, आणि तो यंत्राचा आहे हे आम्हा दोघांना ठाऊक होतं (एकाने लावलं, दुसऱ्याने बोलतं केलं). तरी तो शिडी तिथेच टाकून जिन्यावरून असा गेला की भांडी घासणाऱ्या बाईंनी नळ बंद केला. मी का पळालो नाही म्हणशील तर माझी पाठ. एकटाच उभा राहून मी यंत्राचा डोळा कुणाकडे लागलाय ते बघायला लागलो. समोरच्या भिंतीवर खुंटी होती. खुंटीवर बाबांचा कोट. शेजारच्या खिडकीची एक झडप नीट लागत नव्हती आणि वाऱ्याबरोबर त्या कोटाची उजवी बाही जरा पुढे यायची, जरा मागे जायची. एखादा माणूस, बोलू की नको, असा विचार करत उभा राहतो ना, तशी. वारा जास्त असला की बाबा उत्साही. वारा पडला की नुसते बरे. इतके आठवडे मी एका कोटाची खुशाली त्याच्या लेकीला कळवत होतो. मला तुझी टेप दिसली, आत्या. तुझा हात दिसला. माप कुणाचं घेतलंस रे, खुंटीचं?

मी कोट काढायला हात पुढे केला तर बाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, कोट राहू द्या, यंत्र काढा. मी यंत्र काढलं. त्या आत आल्या, कोटाची बाही त्यांनी हातात धरली आणि मला विचारलं, म्हणजे हे निरोप बाबांचे नव्हते हे नक्की ना? मी म्हटलं, नक्की. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, दवाखान्यात नेण्याआधीचे शेवटचे काही दिवस ते घरीच पडून होते. मी येणार होते. पण तुमचा निरोप यायचा की बरे आहेत, म्हणून म्हटलं सुट्टीच्या दिवशी जाऊ. ते निरोप कुणाचे होते? बाबांचे की कोटाचे?

यंत्राने सगळं टिपून ठेवलेलं आहे, मी ते ऑफिसात येऊन पुन्हा पुन्हा पाहिलं. सगळं हिरवं. बाबा कुठे संपतात आणि कोट कुठे सुरू होतो ते कळण्याची सोयच नाही. ती सोय म्हणजेच नकोबाई मागायची ते न दाबणं. पूर्वीचं ते साधं बटण होतं तेव्हा माणसाने न दाबायची तरी शक्यता होती. मी इतकं छान यंत्र केलं की त्यात कुणाला बरं नसायला जागाच राहिली नाही. साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, हा एखादाच अपवाद, शिवाय खिडकी नादुरुस्त होती. सगळी यंत्रं बंद करा म्हटलं तर म्हणाले, पुढच्या बैठकीत विषय घेऊ. मी एकेका घरी फोन लावायला बसलो. बहुतेकांनी उचलले. त्या नव्या शर्टवाल्या आजोबांनी तर उचलून मला झाडलं, की तुमच्या त्या गोडबोल्या यंत्रामुळे माझा मुलगा यायचा बंद झाला. असं कुणी झाडलं की मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू.

आणि मग तुझा दिवा.

हिरवा. रोज हिरवा. ह्या आठवड्यात बरेचदा 'कालपेक्षा उत्साही'. तो बघत बघत मी तुझी खोली डोळ्यांपुढे आणत होतो. यंत्र मी कुठे लावलं? तुला विचारलं नाही, प्लग जिथे होता तिथे लावलं. त्याच्या समोर काय आहे? खिडकी. आणि खिडकीशी तुझा तो शिवणकामाचा पुतळा, बिनडोक्याचा, एका पायावरचा, लहानपणी ज्याला भिऊन मी त्या खोलीत जायचो नाही तो. त्याच्या अंगावर कायम कुणाचा तरी अर्धवट कपडा, आणि तू घरात असलीस की टेप तुझ्या गळ्यात, नसलीस की पुतळ्याच्या गळ्यात. टेपची दोन्ही टोकं लोंबती. वारा आला की हलणारी. तेव्हापासून मला चहा जात नाही. मला एवढंच कळायचं आहे की रोज सकाळी मला बरी आहे म्हणून सांगते ती तू आहेस की तो आहे. फोन वाजतो तो कुणी उचलत नाही. आधी मी म्हणायचो, रागावली आहे. आताही तेच म्हणतो. पण पूर्वी ते म्हणायला मला जोर लावावा लागत नव्हता. तुझ्या समोरच्या बिऱ्हाडात फोन केला तर ती मंडळी मुलाकडे गेलेली आहेत, महिनाभर येणार नाहीत.

तर तुझ्या प्रश्नाचं सुधारलेलं उत्तर असं, की हो, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते यावं लागतं. रंगांचं चाक नव्हे. आपण केलेल्या वस्तूपुढे कोण उभं आहे, आणि ते उभं नसेल, खाली पडलेलं असेल, रुसलेलं असेल, तर आपल्याला ते कळणार कसं, एवढं तरी. आणि स्वतःला येत नसेल तर जिला येतं तिला खुर्चीतून उठवू नये. नकोबाईला मी पत्र लिहिलं आहे. ती परत येणार नाही, पण नको म्हणायला तरी उत्तर पाठवेल अशी आशा आहे.

प्रकृतीला जप. थेंब घाल. चुकलंमाकलं पोटात घाल.

तुझाच, सध्या भिंतीमार्फत बोलणारा,
भाचा

ता. क. : वर एवढं रामायण लिहिलं, पण खरं काम एवढंच आहे. पत्र मिळताच शिवणाच्या खोलीत जा आणि यंत्राचा प्लग भिंतीतून उपटून टाक. उपटलास की इथे तुझा दिवा लाल होईल. लाल झाला की मला कळेल की तू बरी आहेस. (हे उलटं वाटतं ना? मीच केलंय.) फोन उचलू नकोस, अबोला सोडू नकोस, माझ्यावर आणखी वर्षभर राग धर. फक्त प्लग उपट. मी पडद्यासमोर बसलोय.

ता. क. दुसरा : पत्र टपालपेटीत टाकायला गेलो आणि पेटीच्या तोंडाशी उभा राहून विचार केला की हे पोचणार कधी, तू वाचणार कधी. पाकीट तसंच खिशात घालून बसमध्ये बसलो आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय ते खड्ड्यांमुळे, दुसरं काही समजू नकोस. हिशेबनिसाला तुझ्या दिव्यावर नजर ठेवायला सांगितलंय. त्याचा आत्ताच फोन आला. हिरवा आहे, म्हणाला. उत्साही आहे. मी म्हटलं, तिकडे वारा आहे का ते बघ. तो म्हणाला, ते पडद्यावर कुठे दिसतं?

ता. क. तिसरा : तुझ्या दाराबाहेर पायरीवर बसून लिहितो आहे. चपलांचे दोन्ही जोड बाहेर आहेत, म्हणजे तू आत आहेस. घंटा वाजवली, हाका मारल्या. दार ढकलून पाहिलं, ते जरासं हललं, फटीतून वारा आत गेला असावा, आणि आतून आवाज आला. "छान! आज तुम्ही बऱ्या आहात." माझाच. बराच वेळ सामसूम असल्याशिवाय ते यंत्र असं भरदुपारी पुन्हा बोलत नाही, हे मला ठाऊक आहे, कारण ते मीच ठरवलं. पण आत्या, आवाज दबका येतोय. कुणीतरी यंत्राच्या तोंडावर जाड कापड टाकल्यासारखा. ते कापड तू टाकलं असशील, माझी बडबड नको म्हणून, तर तुझे उपकार जन्मभर फिटणार नाहीत. फक्त ते कधी टाकलंस ते मला इथून कळत नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार किल्लीवाल्याला आणायला गेलाय. तो येईपर्यंत मला हातावर हात ठेवून बसवत नाही. म्हणून एवढं लिहून झालं की हे पत्र मी दाराखालून अर्धं आत सरकवतो आणि बाहेरचं टोक माझ्या हातात धरून ठेवतो. वाऱ्याने कागद हलतो, तेवढं मी आता ओळखतो. तू ओढ. चिडून ओढ, फाटला तरी चालेल. आत्या, ओढ.